आतड्याची गोष्ट: बांगड्याची आणि आपली



१ जूनपासून बंदी सुरू झाली. होड्या वर ओढल्या, इंजिनं उघडली, जाळी दुरुस्तीला बसली. हे ६१ दिवस म्हणजे आपल्या सोसायटीत हिशेबाचे दिवस. मागच्या आठवड्यात गेल्या हंगामाच्या वह्या बघत होतो. बांगड्याच्या पानावर परत परत एकच शेरा दिसला, "पोट फुटलेलं, दर कमी." एकदा नाही, दोनदा नाही, बऱ्याच वेळा. माल चांगला, वजन बरोबर, पण पोट फुटलं म्हणून व्यापाऱ्याने किलोमागे पैसे कापले.

दुसरी एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही, पण माझ्या डोक्यातून जात नाही. ती शेवटी सांगतो. तीही पोटाचीच आहे.

म्हणून या वेळचा पाठ पोटाचा. मी बारावी शिकलेला माणूस, डॉक्टर नाही. पण मासळी कापण्यात आपला हात धरणारा कोण आहे? आपल्या बायका रोज जेवढी आतडी हाताळतात तेवढी मोठ्या कॉलेजातल्या पोरांनी पण बघितली नसतील. फक्त बघितलेलं नीट समजून घ्यायचं आहे.

मुळात ही एक नळी आहे

माणूस घ्या, गाय घ्या, कोंबडी घ्या, इसवण घ्या. सगळ्यांच्या अंगातून एक नळी आरपार गेलेली असते. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला गुदद्वार. नळीत जे आहे ते खरं म्हटलं तर अजून शरीराच्या बाहेरच आहे. लहान मुलाने पाच पैशाचं नाणं गिळलं आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडलं, तर ते नाणं शरीरात "गेलं"च नाही, फक्त नळीतून फिरून आलं. नळीची भिंत ओलांडून रक्तात गेलं तेच खरं खाल्लेलं.

पण अख्खा बांगडा भिंतीतून जाणार कसा? त्याचे एवढे बारीक तुकडे करावे लागतात की ते डोळ्याला दिसणारही नाहीत. हे तुकडे करण्याच्या कामाला पचन म्हणतात. सगळ्या जनावरांच्या पोटाची रचना या एकाच कामासाठी आहे. फरक पडतो तो कोण काय खातं त्याप्रमाणे.

आपल्या पोटातला प्रवास

समजा, दुपारी तुम्ही हुमण-भात खाल्लात.

तोंडात दात घास बारीक करतात आणि लाळ भातावर काम सुरू करते. भात जरा जास्त वेळ चावला की गोड लागतो ना? ती साखर लाळेने बनवलेली असते. लाळ दिवसाला लिटर-दीड लिटर सुटते.

मग घास अन्ननलिकेत उतरतो. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर. घास नुसता वजनाने खाली पडत नाही, नळी त्याला मागून आवळत आवळत पुढे ढकलते. म्हणून आडवं पडून पाणी प्यायलं तरी ते पोटात जातंच.

पुढे जठर. हीच ती पिशवी जिला आपण "पोट" म्हणतो. जेवल्यावर लिटर-दीड लिटर माल त्यात सहज मावतो. इथे कडक आम्ल सुटतं आणि मांस-मासळी विरघळवणारा रस सुटतो. असल्या रसात जठर स्वतः का विरघळत नाही? कारण आतून त्याला चिकट बुळबुळीत थर असतो आणि तो थर रोज नव्याने बनत असतो. हे लक्षात ठेवा, बांगड्याच्या वेळी कामाला येणार आहे.

जठरात दोन-चार तास घुसळण झाली की पातळ झालेला माल थोडा थोडा करून लहान आतड्यात जातो. नाव लहान, पण लांबी साधारण ६ मीटर. जाडीला बारीक म्हणून लहान. इथे दोन मदतनीस येतात. स्वादुपिंड आपला रस सोडतं आणि यकृत पित्त सोडतं. पित्ताचं काम साबणासारखं. इंजिनचं काम केल्यावर नुसत्या पाण्याने हाताचं तेल जात नाही, साबण लावला की सुटतं. तसं पित्त जेवणातल्या तेलाचे बारीक थेंब करतं. मासळी साफ करताना हिरवी पिशवी फुटली की सगळं कडू होतं, तेच हे पित्त. माशालाही ते आहे, आपल्यालाही आहे.

लहान आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखे केस असतात, एक मिलिमीटरपेक्षाही लहान. हे सगळे केस आणि घड्या पसरून मोजल्या तर आतड्याचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे दोन मोठ्या खोल्यांची जमीन. एवढ्या जागेतून अन्न रक्तात शिरतं.

उरलेलं मोठ्या आतड्यात, साधारण दीड मीटर. इथे पाणी शोषलं जातं आणि कोट्यवधी जंतू उरलेल्या चोथ्यावर जगतात. हे जंतू आपले शत्रू नाहीत. आपल्याला न पचणारं काही ते पचवतात आणि काही जीवनसत्त्वंही बनवून देतात.

एका होडीवाल्याच्या पोटाला पडलेलं भोक

जठरात नक्की काय होतं हे जगाला कळलं ते एका होडीवाल्यामुळे.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेजवळच्या मोठ्या सरोवरात मॅकिनॅक नावाचं बेट आहे. अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा तरुण तिथे लोकरी कातड्यांच्या व्यापारात होड्या वल्हवायचं काम करायचा. ६ जून १८२२ ला दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि अगदी जवळून छर्रे त्याच्या डाव्या कुशीत घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. हा वाचणार नाही असंच त्यांना वाटलं. पण तो वाचला. जखम भरली, फक्त जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. बाहेरून आत बघता येईल असं छिद्र कायमचं राहिलं.

१ ऑगस्ट १८२५ ला डॉक्टरांनी काय केलं माहीत आहे? रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधले आणि त्या भोकातून जठरात सोडले. दर तासाला दोरा ओढून बघायचे, काय विरघळलं, काय राहिलं. आपण गरी टाकतो तसं! तासाभराने कोबी आणि पाव अर्धे गेले होते, मांस तसंच होतं. मांस विरघळायला आणखी वेळ लागला.

पुढे त्यांनी जठरातला रस बाटलीत काढून त्यात मांस ठेवलं. बाटली अंगाच्या उष्णतेइतकी गरम ठेवली तर मांस बाटलीतसुद्धा विरघळायचं. थंडीत ठेवली तर रस तोच, मांस तेच, पण काम बंद. म्हणजे पचन हे रसाचं काम आहे आणि त्या रसाला ऊब लागते. माणूस रागावलेला असला की पचन बिघडतं हेही त्यांनी नोंदवलं. १८३३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि डॉक्टरांचं नाव जगभर झालं.

सेंट मार्टिनचं काय? गरीब माणूस. पोट भरायला डॉक्टरकडे लाकडं फोडायची, पडेल ते काम करायचं आणि वर स्वतःचं पोट उघडून दाखवायचं. कंटाळून तो घरी निघून जायचा, पैशासाठी परत यायचा. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांना त्याचं शरीर हवं होतं. घरच्यांनी दिलं नाही. कोणी उकरून काढू नये म्हणून खोल पुरलं. मला वाटतं बरं केलं.

आता मासळी कापताना नीट बघा

साधा नियम असा: मांस खाणाऱ्याचं आतडं आखूड, शेवाळ-पाला खाणाऱ्याचं लांब. मांस पचायला सोपं, पाला पचायला वेळखाऊ. गाईला तर पोटाचे चार कप्पे आणि वर रवंथ.

इसवण: दुसरे मासे गिळणारा. जठर मोठं, आतडं आखूड. कापल्यावर जठरात कधी अख्ख्या तारल्या सापडतात, त्याचं कारण हेच.

बांगडा: पाण्यातले बारीक जीव कल्ल्यांच्या चाळणीने गाळून खातो. आतडं स्वतःच्या लांबीच्या साधारण दीडपट. जठराच्या टोकाला बारीक सुतासारख्या नळ्यांचा झुबका दिसेल. आतड्याची जागा वाढवायची ही माशांची युक्ती. त्या नळ्यांतही पाचक रस भरपूर असतात.

शेवटा (कोणी बोय म्हणतात): चिखलावरचा थर खरवडून खातो, चिखलासकट. म्हणून त्याच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पेंढ्यासारखा जाड आणि टणक असतो. त्यात वाळूच्या कणांनी अन्न दळलं जातं. आतडं तर लांबच लांब, गुंडाळी करून ठेवलेलं. खाडीतल्या शेवट्याला कधी चिखलाचा वास येतो तो याच खाण्यामुळे.

मोरी आणि वागळी: यांचं आतडं बाहेरून बघितलं तर आखूड आणि सरळ. पण उभं चिरून बघा, आत गोल जिन्यासारखी पट्टी फिरत गेलेली दिसेल. अन्न त्या जिन्याने फिरत फिरत खाली उतरतं. थोड्या जागेत लांब रस्ता. (मोरी-वागळीच्या काही जाती धरायला कायद्याने बंदी आहे. जाळ्यात आल्या तर सोडून द्यायच्या.)

घोळ: हिच्या पोटातली हवेची पिशवी किती महाग जाते ते तुम्हाला मी काय सांगणार. पण ही पिशवी अंड्यातल्या पिल्लामध्ये अन्नाच्या नळीलाच फुटलेला फुगा म्हणून सुरू होते. म्हणजे तीही आतड्याचीच लेक.

माणकी: हिची अन्ननलिका चक्क मेंदूच्या मधून जाते. मेंदू चकलीसारखा गोल आणि मधल्या भोकातून घास. म्हणून माणकी चोचीने बारीक बारीक तुकडे तोडून खाते. शाईची पिशवी आतड्याच्या शेवटच्या भागात उघडते.

कुर्ली: हिला तोंडात दात नाहीत, जठरात आहेत. डोळ्यांच्या मागे कवच उघडलं की छोटी पिशवी असते, तिच्यात कठीण दाते. जातंच म्हणा.

सुंगटं: पाठीवरून जाणारा काळा दोरा म्हणजे आतडं. पण पाचक रस बनवणारा भाग डोक्यात असतो. म्हणून डोकं काढायला उशीर झाला आणि बर्फ कमी पडला की मानेजवळचं मांस आधी मऊ पडतं.

तिसऱ्या: पाणी गाळून खातात. त्यांच्या जठराजवळ काचेसारखा पारदर्शक मऊ दांडा असतो. तो गोल फिरत झिजतो आणि त्यातून पाचक रस सुटतो. पाण्यात जी घाण असेल ती गाळून त्यांच्या पोटात साठते. म्हणून आपल्या आया तिसऱ्या पाण्यात ठेवून मग शिजवतात. पण पाणी ठेवल्याने वाळू जाते, विष जात नाही. नदीत सांडपाणी सुटतं त्या जागेच्या आणि समुद्राला विचित्र रंग आला असेल त्या दिवसातल्या तिसऱ्या खाऊ नयेत.

बांगड्याचं पोट का फुटतं?

आता मुद्द्यावर येऊ. जठर स्वतःच्या रसात विरघळत नाही कारण आतला थर रोज नवा बनतो, असं वर सांगितलं. मासा मेला की रक्त थांबलं. थर बनायचा बंद झाला. रस मात्र तिथेच आहे. तो आता माशाच्या पोटाच्या भिंतीलाच पचवायला लागतो. आधी आतडं विरघळतं, मग पोटाची पातळ कातडी. मग ती फुटते.

आणि मासा पोटभर खाल्लेला असताना धरला असेल तर रस जास्त सुटलेला असतो, म्हणून पोट लवकर फुटतं. एकाच रात्रीचा, एकाच बोटीचा माल, पण एका टाकीतला फुटतो आणि दुसऱ्यातला टिकतो. तेव्हा आपण व्यापाऱ्याशी भांडतो. पुष्कळदा पहिला ढीग डेकवर पडून राहिलेला असतो, हे आपण विसरतो.

डॉक्टर बोमाँटची बाटली आठवा. ऊब असेल तर रस चालतो, थंडीत थंडावतो. आपला बर्फ म्हणजे तीच गोष्ट. बर्फाने मासा "ताजा होत" नाही. बर्फ फक्त रसाचं आणि जंतूंचं काम मंदावतो. एकदा विरघळलेलं पोट बर्फाने परत शिवलं जात नाही. म्हणून:

१. जाळं वर आलं की बर्फ आधी, निवडानिवड नंतर. मे महिन्याच्या उन्हात डेकवरचा एक तास फार महाग पडतो.

२. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो, किलोला किलो. बर्फ वाचवला तर दर जातो.

३. बर्फ फोडून बारीक करा आणि थर लावा. खाली बर्फ, मग मासा, मग बर्फ. वरून टाकलेली लादी खालच्या माशापर्यंत पोचत नाही.

४. टाकीत उंच थर नको. वरच्या वजनाने खालचं पोट दबून फुटतं. फावडं आणि पाय तर नकोच.

५. वितळलेलं पाणी खाली निघून गेलं पाहिजे. त्यात रक्त आणि आतड्यातली घाण असते.

६. इसवण, कुप्पा अशा मोठ्या माशांचं पोट आणि कल्ले बोटीवरच काढता येत असतील तर काढा, पण पूर्ण काढा, धुवा आणि पोटाच्या पोकळीत बर्फ भरा. अर्धवट काढलेलं आतडं न काढलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यातले जंतू सगळ्या मांसाला लागतात. बांगडा-तारलीसारखी छोटी मासळी चिरत बसू नका, सरळ बर्फात घाला.

अजून एक. बांगडा, तारली, कुप्पा हे मासे उबेत राहिले की जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. लोक म्हणतात "मासा बाधला." हे द्रव्य तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. एकदा झालं की झालं. उपाय एकच, पहिल्या तासापासून थंड ठेवणं. कोणाला श्वास घ्यायला त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना.

केंड आणि कासव

केंड जाळ्यात आला की फुगतो, पोरं हसतात. तो हवेने नाही, मुळात पाण्याने फुगतो. पाणी गिळून जठर भरतो. त्याच्या जठराने पचनाचं काम सोडून दिलंय, ते फक्त फुगण्यापुरतं उरलंय. पण त्याचं काळीज, अंडाशय, आतडं, काही जातींत कातडीही भयंकर विषारी असते. हे विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, मग श्वास बंद. "आमच्याकडे साफ करून खातात" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. कुत्र्या-मांजरांनाही घालू नका.

कासवाच्या गळ्यात आतल्या बाजूला मागे वळलेले काटे असतात. गिळलेली जेलीफिश निसटू नये म्हणून. पण त्यामुळे प्लास्टिकची पिशवी गिळली तर ती बाहेर टाकता येत नाही. पिशवी आतड्यात अडकते आणि कासव पोट भरलेलं असून उपाशी मरतं. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव आपल्याच बोटीवरून उडालेली पिशवी गिळून आलेलं असू शकतं. बोटीवर कचऱ्याला एक गोणी बांधून ठेवायला काय लागतं?

बोटीवरचं आपलं पोट

जळजळ आणि गोळ्या. रात्रभर जाळं, पोटात फक्त काळा चहा आणि तंबाखू, कंबर दुखली की दुखण्याची गोळी. असं पुष्कळ खलाशी वर्षानुवर्षं करतात. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या जठराचा तो चिकट थर कमी करतात. थर गेला की आम्ल भिंतीला लागतं आणि व्रण पडतो, म्हणजे अल्सर. बांगड्याचं मेल्यावर होतं ते आपण जिवंतपणी करून घेतो. उपाशीपोटी गोळी घेऊ नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

अल्सर हा नुसता तिखटाने किंवा काळजीने होतो असं पूर्वी डॉक्टरही मानायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ मध्ये जठरातल्या एका जंतूचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि काही दिवसांत त्याच्या जठराला सूज आली. अल्सरच्या मागे बहुतेक वेळा तो जंतू असतो हे सिद्ध केल्याबद्दल त्याला आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. म्हणजे जुनी जळजळ अंगावर काढू नका, तपासणी होते आणि औषधाने बरी होते.

जुलाब. दिवसभरात आपल्या नळीत आठ-नऊ लिटर पाणी येतं. पिण्याचं थोडं, बाकी लाळ आणि रस. आतडं जवळजवळ सगळं परत शोषून घेतं. जुलाबात हे शोषणं बिघडतं आणि माणूस तासातासाने सुकत जातो. नुसतं पाणी पुरत नाही. मीठ आणि साखर एकत्र असली की आतडं पाणी ओढून घेतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात बनवून पाजलं आणि हजारो जीव वाचवले. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. किंवा ओआरएसची पाकिटं. प्रत्येक बोटीवर दहा पाकिटं हवीतच.

काटा. घशात काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला सांगतात. छोटा काटा कधी जातो, पण मोठा काटा त्याने आणखी खोल रुततो. थुंकी गिळता येत नाही, छातीत दुखतं, रक्त येतं, अशा वेळी काही गिळायला देऊ नका. सरळ दवाखान्यात न्या.

वहीत न लिहिलेली गोष्ट

लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे उजव्या बाजूला करंगळीएवढी बंद शेपटी असते. तिला अपेंडिक्स म्हणतात, मराठीत आंत्रपुच्छ. ती सुजली तर दुखणं बहुधा आधी बेंबीभोवती सुरू होतं. काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. भूक जाते, मळमळ होते, ताप येतो. चाललं, खोकलं तरी दुखतं. वेळेत ऑपरेशन झालं तर माणूस थोड्या दिवसांत घरी येतो. फुटली तर आतली घाण पोटभर पसरते आणि जिवावर बेतते.

गेल्या हंगामात आपल्याच एका बोटीवरून रात्री मला फोन आला. वीस-बावीस वर्षांचा खलाशी, घर इथून लांब, बेंबीजवळ दुखतंय म्हणत होता. तांडेलने विचारलं, काय करू? जाळं पाण्यात होतं. मी झोपेत होतो. म्हटलं, "गॅस असेल रे, सोडा दे आणि पोट शेकव." त्यांनी तेच केलं. सकाळी त्याला बरं वाटलं. दुखणं एकदम कमी झालं. सगळ्यांना वाटलं, गेलं. दुपारी तो तापाने फणफणला, पोट फळीसारखं कडक झालं. किनारा गाठेपर्यंत रात्र झाली. डॉक्टर म्हणाले, सकाळी बरं वाटलं तेव्हाच अपेंडिक्स फुटलं असणार.

पोरगा वाचला. पण महिनाभर हॉस्पिटलात होता. त्याची आई आली तेव्हा माझ्याशी हात जोडून बोलली, "साहेब, तुम्ही खूप केलंत." मी काय केलं होतं ते मलाच माहीत होतं.

तेव्हापासून हे पाठ करून ठेवलंय, तुम्हीही करा:

पोटदुखी बेंबीजवळून उजवीकडे खाली सरकली, सोबत मळमळ, भूक नाही, ताप, तर जाळं ओढा आणि बोट किनाऱ्याकडे वळवा. पोट चोळू नका, शेकू नका, जुलाबाचं औषध देऊ नका, खायला घालू नका. खूप दुखणारं पोट अचानक थांबलं तर खूश होऊ नका. लांब असाल तर व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर सांगा किंवा कोस्ट गार्डला १५५४ वर फोन करा. जेटीवर १०८ ची गाडी आधीच बोलावून ठेवा. आणि मालकांना हात जोडून विनंती: त्या वेळी "एवढं जाळं काढून या" म्हणू नका. एका ओढीचे पैसे पुढच्या ओढीत निघतात.

बंदी उठेपर्यंत वेळ आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी हा पाठ आपल्या खलाशांना वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत समजावून सांगा. पोरांना पुढच्या वेळी बांगडा साफ करताना जवळ बसवा आणि दाखवा, हे जठर, हे आतडं, हे पित्त. त्यांच्या परीक्षेलाही उपयोगी पडेल.

आणि मला रात्री कितीही वाजता फोन करा. आता झोपेत उत्तर देणार नाही.

आपला,
सचिव